पॅडल बोटीच्या मॉडेलसाठी वाफेचे इंजिन : निवड आणि निगा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाफेवर चालणाऱ्या पॅडल बोटीचे, म्हणजे पात्यांच्या चाकांनी पाणी मागे ढकलत जाणाऱ्या बोटीचे, मॉडेल बांधणाऱ्यांकडून, आणि त्याहून अधिक बांधण्याच्या विचारात असणाऱ्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत जेथे दाबाचा उल्लेख आहे तेथे गेजवर दिसणारा दाब समजावा. आधी निवडीचे प्रश्न घेतले आहेत, मग निगेचे, आणि शेवटी काही अडचणीचे.

१. पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणाऱ्या बोटीचे वाफेचे इंजिन माझ्याकडे पडून आहे. तेच पॅडल बोटीत बसवले तर चालणार नाही का?

थेट जोडले तर बहुधा चालणार नाही. मॉडेल बोटीचा पंखा मिनिटाला हजार-दीड हजार फेरे सहज घेतो, तर पॅडलच्या चाकाला ऐंशी ते दीडशे फेरे पुरतात. तेवढीच शक्ती एक दशांश वेगाने द्यायची म्हणजे आसावरचा पीळ (टॉर्क) दसपट लागतो. पंख्यासाठी बनवलेले लहान सिलिंडरचे इंजिन इतक्या कमी वेगात एवढा पीळ देऊ शकत नाही. ते अडखळते, आणि वेग कमी असल्यामुळे सिलिंडरच्या भिंतींवर वाफ थिजण्याचे प्रमाणही वाढते. म्हणून पॅडल बोटीचे इंजिन निवडताना सुरुवात इंजिनांच्या यादीपासून करू नये. आधी चाकाचा व्यास ठरवावा, त्यावरून फेरे, फेऱ्यांवरून सिलिंडर आणि सर्वांत शेवटी बॉयलर ठरवावा. हातातले इंजिन वापरायचेच असेल तर गिअर लावावे लागतील. त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

२. चाकाने मिनिटाला नेमके किती फेरे घ्यावेत?

सुमारे एक मीटर लांबीच्या मॉडेलचे उदाहरण घेऊ. पात्यांच्या मध्यावर मोजलेला चाकाचा व्यास १२० मिमी असेल तर एका फेऱ्यात पाते सुमारे ३७७ मिमी अंतर कापते. मिनिटाला १०० फेरे धरले तर पात्याचा वेग सेकंदाला ६३ सेंमी होतो. पाणी मागे सरकत असल्यामुळे त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा वाया जातो आणि बोट सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास चालते. तळ्यावर पाहायला हा वेग शोभून दिसतो.

येथे गणित आणि डोळा यांचे पटत नाही, हेही सांगायला हवे. लाटांच्या नियमाने मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो आणि चाकाचे फेरे तितक्याच पटीने वाढतात. मूळ जहाजाचे चाक मिनिटाला ४० फेरे घेत असेल, तर १:३६ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये त्याचे २४० फेरे व्हायला हवेत. तसे केले तर बोटीमागची लाट खऱ्या जहाजासारखी उठते, परंतु चाके मात्र वेड लागल्यासारखी गरगरताना दिसतात. बहुतेक जण डोळ्याचे ऐकतात आणि आमचेही मत तेच आहे. वेग थोडा कमी ठेवला तर इंधन वाचते, आणि चाकाखालून पाणी उडून डेकवर पडत नाही.

३. हलत्या सिलिंडरचे इंजिन घ्यावे की सरकत्या झडपेचे?

हलत्या सिलिंडरच्या, म्हणजे ऑसिलेटिंग, इंजिनात सिलिंडर स्वतःच एका खिळीवर डोलतो आणि डोलताना त्याच्या अंगावरचे भोक कधी वाफेच्या तर कधी निकासाच्या भोकासमोर येते. वेगळी झडप, ती हलवणारी एक्सेंट्रिक चकती, जोडदांडा यांची गरज नसते. भाग थोडे असल्याने किंमत कमी राहते आणि घरच्या लेथवरही असे इंजिन बनवता येते. अनेकांना ते खेळण्यातले वाटते. वस्तुस्थिती अशी की खऱ्या पॅडल जहाजांवर ही रचना सर्रास होती. मुंबई-एडन तारेची समुद्री केबल टाकण्यासाठी १८७० मध्ये मुंबईहून निघालेल्या 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाची पॅडल चाके चार डोलत्या सिलिंडरांवर फिरत असत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा व्यास ७४ इंच होता. जर्मनीत एल्ब नदीवरच्या 'डीसबार' या बोटीत लंडनच्या जॉन पेन यांच्या कारखान्याने १८४१ मध्ये बनवलेले याच जातीचे इंजिन आहे. त्यामुळे मॉडेलमध्ये हलता सिलिंडर वापरण्यात इतिहासाशी कोणतीही तडजोड होत नाही.

त्याची मर्यादा दाबाची आहे. सिलिंडरला समोरच्या सपाट पृष्ठावर एक स्प्रिंग दाबून धरते. वाफेचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की सिलिंडर उचलला जातो आणि वाफ निसटते. स्प्रिंग आवळावी तर घर्षण वाढते. दोन ते तीन बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) हे इंजिन सुखाने चालते, आणि पॅडल बोटीला त्याहून अधिक दाब क्वचितच लागतो.

सरकत्या झडपेच्या इंजिनात सिलिंडर स्थिर असतो आणि पुढेमागे सरकणारी वेगळी झडप वाफेची वाट उघडते-मिटते. ते जास्त दाब सोसते. झडपेला योग्य लॅप (भोकाच्या कडेपलीकडे जाणारी जादा लांबी) दिला असेल तर ते सिलिंडरमध्ये वाफ प्रसरण पावू देते आणि त्यामुळे वाफ वाचते. अर्धा-पाऊण तास सलग चालणारी मोठी बोट हवी असेल, किंवा स्कॉटलंडच्या १९४६ सालच्या 'वेव्हर्ली'सारख्या तिरप्या इंजिनाच्या जहाजाचे मॉडेल करायचे असेल, तर हेच घ्यावे. पहिल्या बोटीसाठी आम्ही दोन हलत्या सिलिंडरांचे, पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे इंजिन सुचवतो.

४. एकाच सिलिंडरचे इंजिन पुरणार नाही का? स्वस्त मिळत आहे.

पंख्याच्या बोटीत एक सिलिंडर चालतो, कारण तेथे जड फ्लायव्हील वेगाने फिरत असते आणि पिस्टन टोकाला आला तरी क्रँकला पुढे ओढून नेते. पॅडलचा आस इतका सावकाश फिरतो की त्यावरच्या फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा नगण्य असते, आणि पाण्यात बुडालेली पाती ब्रेकचे काम करतात. परिणामी एका सिलिंडरचे इंजिन बरोबर टोकावर थांबते आणि तळ्याच्या मध्यभागी थांबले तर तेथेच राहते. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे, आणि क्रँक एकमेकींशी ९० अंशांत, अशी रचना असली म्हणजे इंजिन कोणत्याही स्थितीतून आपोआप सुरू होते. रेडिओने चालवायच्या बोटीत ही अट आम्ही अनिवार्य मानतो. एक सिलिंडर वापरायचाच असेल तर तो गिअरच्या अलीकडे, वेगाने फिरणाऱ्या आसावर फ्लायव्हीलसह ठेवावा.

५. सिलिंडर केवढा असावा आणि त्याला बॉयलर किती मोठा लागेल?

एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. त्यात आपापले आकडे घालावेत. दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची चाल) १० मिमी, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे. एका सिलिंडरच्या एका स्ट्रोकला ०.७८५ घन सेंमी जागा भरते आणि एका फेऱ्यात असे चार स्ट्रोक होतात, म्हणजे फेऱ्याला ३.१४ घन सेंमी. मिनिटाला १२० फेरे धरले तर ३७७ घन सेंमी वाफ लागेल. दोन बार दाबाच्या एक ग्रॅम वाफेला सुमारे ६०० घन सेंमी जागा लागते, म्हणून कागदावरचा खर्च मिनिटाला ०.६ ग्रॅम येतो. लहान सिलिंडरात वाफ थिजून वाया जाते ती धरून हा आकडा किमान दुप्पट करावा. मिनिटाला सव्वा ग्रॅम धरले तर वीस मिनिटांना २५ मिली पाणी होते. बॉयलरमध्ये शेवटी उरायला हवे ते पाणी आणि वरची वाफेची जागा मिळून त्याच्या चौपट आकार घेतला तर निर्धास्त राहता येते.

बॉयलर किती वाफ देईल हे त्याच्या लिटरांवरून न ठरता ज्वाळा लागणाऱ्या पृष्ठभागावरून ठरते. जुना ढोबळ अंदाज असा, की दर १०० चौरस सेंमी तापणाऱ्या पृष्ठभागामागे मिनिटाला सुमारे अडीच मिली पाण्याची वाफ होते. वरच्या इंजिनाला ५० चौ. सेंमी पुरायला हवेत. ८० असल्यास दाब टिकून राहतो.

हे इंजिन किती शक्ती देते? सरासरी परिणामी दाब (पिस्टनवर प्रत्यक्ष काम करणारा सरासरी दाब) १.२ बार धरला तर पाऊण वॅट, आणि घर्षण वजा जाता अर्धा वॅट. आकडा ऐकून अनेकांची निराशा होते, परंतु साठ-सत्तर सेंमी लांबीची सडपातळ बोट शांत पाण्यात एवढ्यावर उत्तम चालते. एक मीटरहून मोठ्या बोटीसाठी १२ ते १६ मिमी व्यासाचे सिलिंडर पाहावेत.

६. लहान, वेगवान इंजिन घेऊन गिअरने फेरे कमी केले तर?

हा मार्ग व्यवहार्य आहे आणि काही बाबतींत फायद्याचाही आहे. वेगाने फिरणाऱ्या लहान सिलिंडरात वाफेला थिजायला वेळ कमी मिळतो, इंजिन हलके असते आणि बाजारात पंख्याच्या बोटींची इंजिने अधिक मिळतात. एका टप्प्यात चारास एक ते सहास एक इतकी घट ठेवावी. त्याहून अधिक हवी असल्यास दोन टप्पे करावेत. वर्म गिअर टाळावा, कारण त्यात शक्ती बरीच वाया जाते आणि चाके हाताने फिरवून सिलिंडरातले पाणी काढता येत नाही (प्रश्न १५). दातेरी पट्ट्याने आवाज कमी होतो, मात्र पट्टा बॉयलरच्या उष्णतेपासून दूर ठेवावा लागतो.

गिअरमुळे जे हरवते ते दृश्य आहे. क्रँक आणि चाक एकाच आसावर संथपणे फिरताना पाहणे हेच या छंदातले निम्मे सुख आहे, असे आम्हाला वाटते. डेक बंद असेल आणि इंजिन दिसणारच नसेल तर गिअर खुशाल लावावेत.

७. मामॉड किंवा विलेस्कोचे खेळण्यातले इंजिन बोटीत बसेल का? आणि जत्रेत मिळणारी पत्र्याची फटफट बोट?

मामॉड आणि विलेस्को यांची टेबलावर ठेवायची लहान इंजिने बहुधा एका सिलिंडरची असतात आणि त्यांचा दाब दीड बारच्या आत असतो. त्यांवर वाफेची तत्त्वे उत्तम शिकता येतात, परंतु बोट ओढण्याइतका पीळ त्यांच्यात नसतो, आणि बॉयलर उंच असल्यामुळे बोटीचा तोल जातो.

जत्रेतल्या फटफट बोटीत फिरणारा भागच नसतो. तापलेल्या पत्र्याच्या डबीतली वाफ नळीतले पाणी मागे ढकलते, थिजली की पाणी पुन्हा आत ओढले जाते, आणि या धक्क्यांवर बोट पुढे सरकते. तिने चाक फिरवता येत नाही.

८. दोन्ही बाजूंच्या चाकांना स्वतंत्र इंजिन द्यावे का?

बाजूला चाके असलेल्या बोटीत सुकाणूवर पंख्याचा झोत येत नाही, त्यामुळे कमी वेगात सुकाणू जवळजवळ निरुपयोगी ठरतो. एक चाक पुढे आणि एक मागे फिरवता आले तर बोट जागच्या जागी वळते. खऱ्या बंदरातल्या काही टग (मोठी जहाजे ओढणाऱ्या) बोटींत अशी सोय होती. मॉडेलमध्ये त्यासाठी दोन इंजिने, दोन उलटसुलट झडपा आणि दोन सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर झडप हलवणाऱ्या छोट्या मोटारी) लागतात. प्रत्येक इंजिन आपोआप सुरू होणारे हवे, म्हणजे एकूण चार सिलिंडर झाले. अडचण अशी की दोन्ही इंजिनांचे घर्षण कधीच सारखे नसते आणि कमी उघडलेल्या झडपेवर एक फिरते, दुसरे थांबते. बोट सरळ चालवणे हेच मग कौशल्याचे काम होऊन बसते. टग सोडून इतर मॉडेलांत एकसंध आस ठेवावा आणि सुकाणूचे पाते मापापेक्षा थोडे मोठे, पाण्याखाली न दिसेल असे करावे.

९. मागच्या बाजूला एकच चाक असलेल्या मिसिसिपी पद्धतीच्या बोटीला वेगळे काय लागते?

तेथे डाव्या आणि उजव्या काठाने एकेक आडवा, लांब स्ट्रोकचा सिलिंडर असतो आणि लांब दांडे थेट चाकाच्या क्रँकांना जोडलेले असतात. क्रँक ९० अंशांत असल्याने प्रश्न ४ मधली अट आपोआप पुरी होते. बॉयलर तोलासाठी पुढे ठेवावा लागतो आणि वाफेची नळी बोटीच्या लांबीइतकी होते. ही नळी उष्णतारोधक दोऱ्याने गुंडाळली नाही, तर इंजिनापर्यंत वाफेऐवजी गरम पाणी पोहोचते.

१०. इंजिन मागे फिरवायची सोपी पद्धत कोणती?

हलत्या सिलिंडरच्या इंजिनात वाफ आणि निकास यांची अदलाबदल केली की ते उलटे फिरते. त्यासाठी एकच फिरती झडप पुरते. ती मध्यावर असताना इंजिन थांबते, एका बाजूला वळवत नेली तर पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे चालते. वेगाचे नियंत्रणही तिच्यावरच होते आणि एका सर्व्होत काम भागते.

हीच युक्ती साध्या सरकत्या झडपेच्या इंजिनाला लावता येत नाही, आणि येथे बरेच जण फसतात. ही झडप तिच्या पाठीवरच्या वाफेच्या दाबाने जागेवर बसते. वाफ उलट्या वाटेने आत सोडली की झडप उचलली जाते आणि वाफ सरळ बाहेर पडते. अशा इंजिनाला झडपेची चाल उलटवणारी, स्टीफन्सन लिंकसारखी यंत्रणाच लागते. पिस्टनच्या आकाराची गोल झडप असेल आणि तिला लॅप नसेल, तर मात्र अदलाबदल चालते.

११. पुण्यातल्या तांबट आळीत बॉयलर करून घेता येईल का?

तांब्याचे पत्रे ठोकून घुमट, चकत्या आणि कड वळवलेली झाकणे करून घेण्यासाठी कसबा पेठेतल्या कारागिरांइतका चांगला हात मिळणे कठीण. जोड मात्र कशाने झाळला जाणार, हे आधी स्पष्ट ठरवावे. कथलाच्या मऊ डागाचा उपयोग दाबाच्या बॉयलरवर करू नये. कथील-शिशाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंश सेल्सियसपासून वितळू लागते, आणि तीन बारची वाफ १४४ अंशांवर असते. या तापमानाला सोल्डरची ताकद बरीच उतरलेली असते आणि पाणी संपले तर जोड काही क्षणांत सुटतो. सर्व जोड ६०० अंशांच्या वर वितळणाऱ्या चांदीयुक्त मिश्रधातूचे असावेत. पितळेची नळी बॉयलरसाठी वापरू नये. गरम पाण्यात कालांतराने तिच्यातले जस्त निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो. झडपांसाठी बसवायच्या बुशीही गनमेटल किंवा ब्राँझच्या घ्याव्यात.

तयार बॉयलर हवा पूर्ण काढून पाण्याने भरावा आणि चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबावर हातपंपाने तपासावा. पाण्याऐवजी दाबलेल्या हवेने ही चाचणी कधीही करू नये, कारण जोड सुटला तर हवा स्फोटासारखी बाहेर पडते. यानंतर आग पूर्ण मोठी ठेवून, इंजिन बंद करून पाहावे. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये.

१२. एवढ्याशा बॉयलरला सरकारी परवाना लागतो का?

भारतातल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी वगळलेली आहेत, आणि मॉडेलचा बॉयलर एक लिटरचाही क्वचितच असतो. परवान्याची गरज नसली तरी प्रश्न ११ मधली चाचणी टाळू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी : तेथील क्लबांत बॉयलरचे लिटर आणि बार यांचा गुणाकार पाहतात. तो तीनच्या आत असेल तर चाचणीचे नियम सौम्य असतात. ०.६ लिटरचा, ४ बारवर चालणारा बॉयलर २.४ वर येतो आणि सौम्य नियमांत बसतो.

१३. स्पिरिट वापरावे की गॅस?

स्पिरिटचा दिवा स्वस्त आणि साधा असतो, परंतु त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही आणि बोट कलंडली तर जळते स्पिरिट डेकवर पसरते. गॅसची ज्वाळा कमी-जास्त करता येते, म्हणून आमचा कल गॅसकडे आहे. त्यासंबंधी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. बोटीतली लहान गॅस टाकी कोणत्या वायूसाठी बनवली आहे हे पाहिल्याशिवाय भरू नये. २० अंशांना ब्यूटेनचा दाब एक बारच्या थोडा वर असतो, तर प्रोपेनचा सात बारच्या वर. आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांना प्रोपेनचा दाब बारा बारच्याही वर जातो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये दोन्हींचे मिश्रण असते. केवळ ब्यूटेनसाठी बनवलेल्या टाकीत तो भरू नये, आणि भरलेली टाकी बंद गाडीत उन्हात ठेवू नये. टाकी नेहमी मोकळ्या जागी, आगीपासून दूर भरावी.

१४. बॉयलरमध्ये कोणते पाणी आणि इंजिनात कोणते तेल घालावे?

पाणी क्षारविरहित असावे. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी बोअरचे पाणी इतके जड असते की थोड्याच दिवसांत बॉयलरच्या आत पांढरा थर बसतो आणि पाणीपातळीची काचनळी बुजते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी चांगले. बाटलीवरचे लेबल मात्र वाचावे, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही मिळते. पहिल्या काही सरी होऊन गेल्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणीही उत्तम. थर बसलाच तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य, कोमट द्रावण काही वेळ भरून ठेवावे आणि नंतर बॉयलर अनेकदा विसळावा.

तेल वाफेच्या सिलिंडरसाठीचेच, म्हणजे स्टीम सिलिंडर ऑइल, हवे. मोटरचे तेल ओल्या धातूला धरून राहत नाही आणि पाण्यात फेसाळून जाते. लहान इंजिनांसाठी ४६० क्रमांकाच्या जाडीचे तेल योग्य ठरते. ते वाफेच्या नळीवर बसवलेल्या छोट्या डबीतून जाते. डबीत शिरलेली वाफ थिजते, पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर उचलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात जाते. प्रत्येक फेरीनंतर डबीतले पाणी खालच्या स्क्रूने सोडून तेल भरावे. डबीत पाण्याऐवजी तेलच निघाले तर तेलाची वाट बुजली आहे असे समजावे आणि पुढची फेरी थांबवावी. निकासाच्या वाफेतले पाणी काटकसर म्हणून पुन्हा बॉयलरमध्ये घालण्याचा मोह टाळावा. त्यातल्या तेलाने काय होते ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१५. दाब पूर्ण असूनही इंजिन सुरुवातीला अडते आणि मग पाणी थुंकते. बिघाड आहे का?

बिघाड नाही. थंड सिलिंडरात शिरलेली वाफ थिजते आणि ते पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन मध्येच अडतो. झडप किंचित उघडून चाके हाताने दोन्ही दिशांना सावकाश फिरवावीत, आणि निकासातून कोरडी वाफ येऊ लागली की बोट पाण्यात सोडावी. हलता सिलिंडर आणि सरकती झडप अशा वेळी किंचित उचलली जाऊन पाण्याला वाट देतात. पिस्टनच्या आकाराची झडप ती वाट देत नाही. त्या इंजिनात जोर लावला तर दांडा वाकतो किंवा सिलिंडरचे झाकण निखळते, म्हणून त्याला निचऱ्याचे कॉक असायलाच हवेत.

१६. सिलिंडरच्या सपाट पृष्ठामधून आणि ग्लँडमधून (पिस्टनचा दांडा बाहेर येतो तेथल्या पॅकिंगच्या जागेतून) वाफ गळते. दोन्ही घट्ट करू का?

सिलिंडरचे आधी बघू. स्प्रिंग आवळण्यापूर्वी सिलिंडर काढून दोन्ही पृष्ठे निरखावीत. चर दिसत असतील तर जाड काचेवर बारीक धातू-पॉलिश लावून पृष्ठ इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासावे आणि नंतर पॉलिशचा कणही उरणार नाही असे रॉकेलने धुवावे. एमरीचा कागद वापरू नये. तिचे कण ब्राँझमध्ये रुततात आणि पुढे समोरचे पृष्ठ खात राहतात. स्प्रिंग इतकीच घट्ट असावी, की चालवायच्या दाबावर सिलिंडर उचलला जाणार नाही.

ग्लँडचे नट बोटांनी जेवढे आवळतील तेवढे पुरे, वर पान्याने फार तर किंचित फिरवावे. ग्रॅफाइट लावलेला दोरा किंवा पिळलेली टेफ्लॉनची पट्टी पॅकिंग म्हणून चालते. रबरी ओ-रिंग वापरल्यास ती व्हायटनची घ्यावी, कारण साधे नायट्राइल रबर वाफेच्या उष्णतेने लवकर कडक होते. पॅडलच्या संथ इंजिनाला ग्लँडमधून येणाऱ्या एखाद्या फुसकाऱ्याने फरक पडत नाही. जास्त आवळलेल्या ग्लँडने मात्र प्रश्न ५ मधल्या अर्ध्या वॅटमधला बराच भाग खाल्ला जातो.

१७. अचानक सगळे पाणी इंजिनात येते आणि बोट मंदावते. असे का होते?

बॉयलर पाण्याने काठोकाठ भरला असेल, किंवा पाण्यात तेल अथवा साबणाचा अंश असेल, तर उकळताना फेस चढतो आणि वाफेच्या नळीत पाणी ओढले जाते. बॉयलर पाऊण भागापेक्षा जास्त भरू नये. तेल शिरले असल्यास वॉशिंग सोड्याचे सौम्य द्रावण उकळून तो धुवावा आणि भरपूर विसळावा. तसे करूनही त्रास राहिला तर झडप एकदम पूर्ण उघडण्याची सवय तपासावी. दाब एकाएकी घसरला की पाणी उसळते.

१८. फेरी संपल्यावर, आणि पावसाळ्यात बोट महिनोन्महिने बंद असताना, काय करावे?

दाब शून्यावर आल्यावर बॉयलर गरम असतानाच रिकामा करावा, म्हणजे उरलेला ओलावा आपोआप वाळतो. इंजिनातली वाफ फुंकून काढावी, नळीच्या तोंडातून तेलाचे काही थेंब सोडावेत आणि चाके वीस-पंचवीस वेळा फिरवावीत. पिस्टनचा दांडा, क्रँकपिन आणि चाकाचा आस पोलादी असतील तर त्यांवर तेलाचा हात फिरवावा. कोकणच्या पावसाळ्यात बॉयलरचे झाकण उघडे ठेवून बोट सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवावी. खाडीच्या पाण्यात बोट चालवली असेल तर चाके, आसाच्या बेअरिंगा आणि फेदरिंग (चाक फिरताना आपापल्या खिळीवर वळणाऱ्या) पात्यांच्या बारीक खिळ्या त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवाव्यात.

१९. टबमध्ये चाके छान फिरतात, तळ्यावर मात्र इंजिन दमते. इंजिन लहान पडले का?

आधी चाके किती बुडतात ते मोजावे. तळाशी आलेल्या पात्याची वरची कड पाण्याच्या पृष्ठाखाली किंचित असावी. पाती त्याहून खोल गेली तर ती पाण्यात शिरताना पाणी खाली दाबतात आणि बाहेर पडताना वर उचलतात. शक्ती तिथेच संपते. बॉयलर, गॅस टाकी, बॅटरी आणि पाणी यांचे वजन चढल्यावर मॉडेल आरेखनापेक्षा सेंटिमीटरभर खोल बसते आणि टबमध्ये, बोट रिकामी असताना, हे लक्षात येत नाही.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या 'ह्यू लिंडसे' या पॅडल जहाजाचे हेच झाले होते. २० मार्च १८३० रोजी ते सुवेझकडे निघाले तेव्हा एडनपर्यंत पुरावा म्हणून कोळसा इतका भरला होता, की जहाज ठरलेल्या रेषेच्या बरेच खाली बसले आणि चाके पाण्यात गाडल्यासारखी झाली. कोळसा जळत गेला तसे जहाज वर आले. मॉडेलमध्ये इंधन जळून वजन फारसे कमी होत नाही, म्हणून उपाय आधीच करावा लागतो : वजन कमी करावे, नाहीतर चाकाचा आस वर घ्यावा, नाहीतर पाती अरुंद करावीत. बोट एका बाजूला झुकत असेल तर एक चाक खोल आणि दुसरे उथळ चालते. अशा वेळी बोट सतत एकीकडे वळत राहते आणि दोष सुकाणूला दिला जातो.

२०. जुने इंजिन विकत घेताना काय तपासावे?

आस बोटांनी फिरवून पाहावा. एक पूर्ण फेरा सारख्या जोराने झाला पाहिजे. एकाच जागी जड लागत असेल तर दांडा किंवा आस वाकलेला असण्याची शक्यता असते. क्रँकपिन वर-खाली हलवून ढिलाई पाहावी. ढिली बुश सहज बदलता येते, परंतु ओरखडे पडलेला सिलिंडर पुन्हा बोअर करून नवा पिस्टन करावा लागतो. नंतर अर्धा बार हवेवर, तेलाचे थेंब सोडून, इंजिन किती सावकाश चालते ते पाहावे. जोरात पळणारे इंजिन पाहून भुलू नये. मिनिटाला साठ फेऱ्यांवर न थांबता चालणारे इंजिन पॅडलच्या कामाचे. बरोबर बॉयलरही मिळत असेल तर त्याच्या चाचणीचा कागद असला तरी प्रश्न ११ मधली चाचणी घरी पुन्हा करावी, आणि जुना सेफ्टी व्हॉल्व्ह, तो कितीही चांगला दिसला तरी, सुटा करून साफ केल्याशिवाय आग पेटवू नये.